राडेबेला फक्त एक ओळ?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर आफ्रिकेच्या डिफेंडर्सवर जो लेख आला तो वाचून हे पत्र लिहायला बसलोय. थोडं लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा, कापलंत तरी चालेल पण मधला भाग कापू नका एवढी विनंती. लेखाचं निमित्त चांगलं होतं, मोरोक्कोच्या अश्रफ हकिमीला २०२५ चा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा किताब मिळाला आणि याआधी डिफेंडरला तो मिळाला होता १९७३ साली, झैरच्या ब्वांगा चिमेनला. म्हणजे ५२ वर्षं! मधल्या काळात वेआ, एटो, ड्रोग्बा, याया टुरे, सालाह, माने सगळे झाले, डिफेंडर एकही नाही. हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

पण त्याच लेखात दक्षिण आफ्रिकेचा डिफेंडर लुकास राडेबे याच्याबद्दल एकच ओळ आहे. इंग्लंडच्या लीड्स क्लबमध्ये अकरा सीझन, ट्रॉफी एकही नाही. बस्स. ही माहिती चुकीची नाहीये, लीड्सने त्या काळात खरंच काही जिंकलं नाही, पण ज्याने राडेबेला खेळताना बघितलंय त्याला ही ओळ वाचून वाईट वाटणारच. मला वाटलं. कारण एवढंच वाचून नवीन पोरांना वाटेल की हा कुणीतरी साधारण खेळाडू होता, बरीच वर्षं खेळला आणि गेला.

मुळात ट्रॉफी नाही हेच अर्धवट आहे. कायझर चीफ्सकडून त्याने दक्षिण आफ्रिकेची लीग १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा जिंकली होती. पण आपल्याकडे क्लब म्हटलं की युरोपातलाच क्लब मोजायचा ही सवय लागलीये, सोवेटोतल्या क्लबने मैदान कितीही भरवलं तरी ते आपण धरतच नाही. आणि १९९६ चा आफ्रिकन नेशन्स कप? त्यावर मी खाली येतो, कारण तो घाईघाईत सांगण्यासारखा नाहीये.

आधी तो आला कुठून ते बघा. जन्म १९६९, जोहान्सबर्गजवळची काळ्या लोकांची वस्ती, म्हणजे टाउनशिप, सोवेटो, तिथलं डिपक्लूफ, घरात अकरा भावंडं. तो सात वर्षांचा होता तेव्हा १९७६ च्या जूनमध्ये सोवेटोतल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पुढे ऐंशीच्या दशकात टाउनशिप पेटलेल्या असताना, पंधराव्या वर्षी त्याला आईवडिलांनी बोफुथात्स्वानात शिकायला पाठवून दिलं, कारण सोवेटोत पोरगा हातचा जाईल ही भीती. बोफुथात्स्वाना म्हणजे वर्णभेदी सरकारने काळ्या लोकांना तुमचा वेगळा देश म्हणून कागदावर बनवून दिलेला तुकडा, ज्याला त्यांच्याशिवाय जगात कुणी मान्यता दिली नाही. तिथे वेळ घालवायला हा फुटबॉल खेळायला लागला तो चक्क गोलकीपर म्हणून. मग मिडफिल्डला गेला, मग आणखी मागे सरकला. १९८९ ला कायझर चीफ्सने त्याला उचललं.

आणि १९९१ ला त्याच्यावर गोळी झाडली गेली. स्वतःच्याच टाउनशिपमध्ये. पाठीतून शिरून मांडीतून बाहेर पडली, आतलं काही महत्त्वाचं फाटलं नाही म्हणून वाचला. कुणी झाडली, का झाडली, कधीच कळलं नाही. त्याचा स्वतःचा संशय असा की त्याने क्लब बदलू नये म्हणून कुणीतरी पैसे देऊन हे करवलं असावं. २२ वर्षांचा पोरगा, पाठीत गोळी खाऊन पुन्हा त्याच क्लबसाठी मैदानात उतरतो आणि लीग जिंकतो, याला करिअरच्या रकान्यात कुठे बसवायचं सांगा?

आता देशाचं. दक्षिण आफ्रिका हा १९५७ साली आफ्रिकन फुटबॉल महासंघ स्थापन करणाऱ्या चार देशांपैकी एक, पण त्याच वर्षीच्या पहिल्या नेशन्स कपला मिश्र वर्णाची टीम पाठवायला नकार दिला म्हणून बाहेर. मग फिफाने १९६१ ला निलंबित केलं आणि सोवेटोच्या गोळीबारानंतर १९७६ ला काढूनच टाकलं. म्हणजे राडेबे ज्या वयात फुटबॉल शिकला त्या वयात त्याच्या देशाला इंटरनॅशनल टीमच नव्हती. आपण देशासाठी खेळू असं स्वप्न बघायलाही जागा नव्हती. १९९२ ला परत घेतलं आणि ७ जुलै १९९२ ला डर्बनला कॅमेरूनविरुद्ध पहिली मॅच झाली, डॉक्टर खुमालो या खेळाडूच्या पेनल्टीवर १-० जिंकली. त्या मॅचमध्ये राडेबे होता. त्याच्या ७० कॅप्समधली, म्हणजे देशाकडून खेळलेल्या मॅचमधली, ती पहिली. ७० हा आकडा आज फार वाटणार नाही, पण पहिली कॅप २३ व्या वर्षी मिळाली आणि त्याआधी मिळणं शक्यच नव्हतं हे धरून बघा.

१९९४ ला लीड्सने त्याला घेतलं. तेव्हाचे मॅनेजर हॉवर्ड विल्किन्सन. खरं तर त्यांचा डोळा होता फिल मसिंगावर, तो स्ट्रायकर, आणि राडेबे अडीच लाख पौंडात सोबत आला, मसिंगाला परक्या गावात आपला माणूस असावा म्हणून, असंच तेव्हापासून सगळे सांगतात. मसिंगा दोन वर्षांत तिथून गेला. हा राहिला आणि कॅप्टन झाला. (मसिंगाबद्दल वाईट बोलतोय असं समजू नका, १९९७ मध्ये काँगोविरुद्ध लांबून मारलेल्या त्याच्याच गोलने दक्षिण आफ्रिका पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेली. २०१९ ला तो गेला, पन्नाशीही झाली नव्हती.)

लीड्स शहराची एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. अल्बर्ट जोहानसन नावाचा विंगर १९६१ ला दक्षिण आफ्रिकेतून तिथे आला होता. १९६५ ला तो एफए कपची फायनल खेळला, ती खेळणारा पहिला काळा आफ्रिकन. मैदानांवर त्याला काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करवत नाही. मॅच संपल्यावर गोऱ्या सहकाऱ्यांसोबत एकाच हौदात अंघोळ करायला तो बिचकायचा, कारण आपल्या देशात तसं चालतच नव्हतं. पुढे दारू लागली, माणूस हरवला, आणि १९९५ ला लीड्समध्येच एका फ्लॅटमध्ये एकटा मेला. म्हणजे राडेबे त्या शहरात आला तेव्हा जोहानसन तिथेच कुठेतरी एकटा राहत होता. एकाच देशातून आलेली दोन माणसं, एकाच क्लबची, मध्ये तीस वर्षं. आणि ऐंशीच्या दशकात लीड्सच्या याच एलँड रोड मैदानावर काळ्या खेळाडूंना उघडउघड शिव्या पडायच्या, वर्णद्वेषी संघटनांचे लोक गेटबाहेर पत्रकं विकायचे, नंतर तिथल्याच प्रेक्षकांमधल्या लोकांनी त्याविरुद्ध मोहीम उभी केली. त्या मैदानावर पुढच्या काही वर्षांत हजारो लोक एका काळ्या सेंटर बॅकला द चीफ म्हणून ओरडून हाक मारायला लागले. हे आपोआप होत नाही हो. हे एका माणसाने दर शनिवारी नीट खेळून, नीट वागून कमावलेलं आहे.

सुरुवात काही चांगली नव्हती. कधी राइट बॅक, कधी मिडफिल्ड, त्यात गुडघ्याची मोठी दुखापत, थंडीची सवय नाही. पण मग आलं १९९६ आणि ते वर्ष मी अजूनही विसरत नाही. जानेवारीत नेशन्स कप दक्षिण आफ्रिकेत, तोही खरं तर केनियात व्हायचा होता, त्यांना जमलं नाही म्हणून इकडे आला. राडेबे गुडघ्याच्या दुखापतीतून नुकताच उभा राहिलेला, कोच क्लाइव्ह बार्कर, मागच्या फळीत नील टोवी आणि मार्क फिश हे दोघं गोरे आणि त्यांच्यासोबत हा सोवेटोचा. दोन वर्षांपूर्वी हीच माणसं एका मतदार यादीत नव्हती, १९९४ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा सगळ्यांनी मत दिलं. सेमीफायनलला समोर घाना, आणि घानाच्या टीममध्ये टोनी येबोआ, राडेबेचा लीड्समधला सोबती, त्या काळात इंग्लंडमधले सगळे बॅक ज्याच्या शॉटला घाबरायचे तो. घानाला एकही गोल करता आला नाही, ३-०. मग ३ फेब्रुवारीला जोहान्सबर्गला फायनल, ट्युनिशियाविरुद्ध २-०, दोन्ही गोल मार्क विल्यम्सचे. मंडेला टीमची जर्सी घालून मैदानात, टोवीच्या हातात कप. फोटो सगळ्यांनी बघितलाय. त्या फोटोत तुमचा ट्रॉफी नसलेला माणूस पण आहे.

तिथून परत लीड्स. मार्चमध्ये वेम्बलीला लीग कपची फायनल, अॅस्टन व्हिलाकडून ३-० हार, तो खेळला होता. आणि एप्रिलमध्ये ती मॅच, जी मी जगात कुणालाही सांगायला तयार असतो. ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेड टायटलच्या मागे धावतंय. सतराव्या मिनिटाच्या आसपास लीड्सचा गोलकीपर मार्क बीनीला रेड कार्ड. बेंचवर दुसरा गोलकीपर नाही. राडेबे ग्लोव्हज घालून गोलमध्ये उभा राहिला. बोफुथात्स्वानातला तो जुना पोरगा! समोर कँटोना, गिग्ज, कीन, आपली माणसं दहा, आणि हा एकामागून एक बॉल अडवत गेला, उड्या मारल्या, पायात घुसला, तासभर मारा चालू होता तरी शेवटी एकच गोल खाल्ला, रॉय कीनचा, ७२ व्या मिनिटाला. लीड्स १-० हरलं. मॅचनंतर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन म्हणाले की हे लीड्सवाले आमच्याविरुद्धच एवढं जीव तोडून का खेळतात, आणि त्यावरूनच काही दिवसांनी टायटलच्या शर्यतीतल्या न्यूकॅसलचे मॅनेजर केविन कीगन टीव्हीवर भडकले, ते भडकणं आजही लोक क्लिप काढून बघतात. त्या सगळ्याच्या मुळाशी एक सेंटर बॅक गोलमध्ये उभा होता हे मात्र कुणी सांगत नाही.

त्यानंतर जॉर्ज ग्रॅहम मॅनेजर म्हणून आले आणि त्यांनी राडेबेला त्याची खरी जागा दिली. १९९६-९७ चा सीझन बघा, लीड्सने ३८ मॅचमध्ये गोल केले २८. फक्त २८! एवढ्या गोलवर टीम खाली जाते. लीड्स अकरावं आलं कारण खाल्ले पण ३८ च. तो फुटबॉल बघायला सुंदर नव्हता, मान्य आहे, पण गोलमध्ये नायजेल मार्टिन आणि पुढे राडेबे हे बघणं हीच आमच्यासारख्यांची मजा होती. मी स्वतः कॉलेजात बॅकला खेळायचो, फार काही नाही, पण तेव्हापासून माझी नजर बॉलवर कमी आणि मागच्या माणसाच्या पायांवर जास्त असते. राडेबेचं वैशिष्ट्य म्हणजे तो घाईने जमिनीवर पडायचा नाही. फॉरवर्डला कडेकडेला नेत राहायचा, उभाच, अंग तिरकं ठेवून, आणि समोरच्याचा बॉल पायापासून जरा लांब गेला की मगच पाय घालायचा. एकदम बारीक पाय, लांब टांगा, पण हवेत त्याच्यापेक्षा धिप्पाड माणसांना भारी पडायचा. आणि बॉल मिळाला की भिरकावून द्यायचा नाही, कारण मूळचा मिडफिल्डर. हे स्कोअरकार्डात येत नाही, हायलाइट्समध्ये पण क्वचितच येतं, मॅच पूर्ण बघावी लागते.

१९९८ ला तो लीड्सचा कॅप्टन झाला, त्याच वर्षी फ्रान्समध्ये वर्ल्ड कपला देशाचाही कॅप्टन. पहिलीच मॅच यजमान फ्रान्सशी, मार्सेलला, ३-० हार. मग डेन्मार्क १-१, सौदी २-२, घरी. दुसरीकडे क्लबमध्ये नवे मॅनेजर डेव्हिड ओलिरी यांची तरुण पोरं वर यायला लागली, क्यूएल, वुडगेट, स्मिथ, बोयर, आणि त्यांना सांभाळणारा हा तिशीतला माणूस. १९९९-२००० ला लीड्स प्रीमियर लीगमध्ये तिसरं आलं. त्याच सीझनला युएफा कप सेमीफायनलच्या आदल्या रात्री इस्तंबूलमध्ये लीड्सच्या दोन चाहत्यांचा भोसकून खून झाला आणि टीमला दुसऱ्या दिवशी खेळावं लागलं. त्या दिवसाबद्दल मला काही लिहवत नाही.

मोठे क्लब त्याच्या मागे होते हे तेव्हा सगळीकडे छापून यायचं, मँचेस्टर युनायटेड, मिलान, रोमा. तो गेला नाही. आता तुम्ही म्हणाल की गेला असता तर ट्रॉफी मिळाली असती. मिळालीच असती. पण मग ज्या माणसाने ट्रॉफीसाठी घर सोडलं नाही त्यालाच ट्रॉफी नाही म्हणून शेवटच्या ओळीत टाकायचं हे मला पटत नाही, संपादक साहेब. २००० च्या शेवटी लीड्सने रिओ फर्डिनंडला १ कोटी ८० लाख पौंडाला आणलं, म्हणजे राडेबेच्या किमतीच्या ७२ पट. टीम चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला गेली, आणि नेमका तेव्हा राडेबे गुडघा घेऊन बाहेर बसलेला. पुढचा पूर्ण सीझन पण गेला. कॅप्टनचा पट्टा रिओकडे गेला. याबद्दल त्याने कुठे कुरकुर केल्याचं माझ्या वाचनात नाही.

देश आणि क्लब यातली ओढाताण हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर खरं तर तुम्ही एक पूर्ण लेख करा. राडेबेच्या काळात नेशन्स कप जानेवारीत, म्हणजे इंग्लंडचा सीझन ऐन भरात असताना. क्लबला वाटतं आमचा पगार घेतो आणि आमच्या मॅचना नाही, देशाला वाटतं आमचा कॅप्टन आणि आम्हालाच नाही. युरोपातल्या खेळाडूला दोन तासाचं विमान, याला पृथ्वीचं अर्धं टोक, आणि परत येऊन जागा गेलेली असू शकते. आफ्रिकेच्या प्रत्येक चांगल्या खेळाडूने हे सोसलंय, पण डिफेंडरची जागा एकदा गेली की परत मिळणं जास्त कठीण, कारण मॅनेजर जमलेली मागची फळी शक्यतो मोडत नाहीत.

आणि तरी २००२ ला दोन गुडघ्यांचं ते दुखणं घेऊन तो कोरियात वर्ल्ड कपला उतरला, वय ३३, परत कॅप्टन. पॅराग्वेशी २-२, स्लोव्हेनियाला १-० हरवलं, वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिला विजय. तिसरी मॅच स्पेनशी. २-१ ने मागे असताना कॉर्नर आला आणि राडेबेने हेडरने गोल केला, २-२. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. पण मग राऊलने तिसरा मारला, ३-२, आणि तिकडे पॅराग्वेने स्लोव्हेनियाला ३-१ हरवलं. दोघांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, पॅराग्वेचे केलेले गोल ६, यांचे ५. एका गोलने बाहेर! आयुष्यभरात देशासाठी दोन गोल केलेल्या माणसाने त्यातला एक त्या दिवशी दिला होता.

२००० साली फिफाने त्याला फेअर प्लेचा पुरस्कार दिला, वर्णद्वेषाविरुद्धच्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांसाठीच्या कामाबद्दल. २००१ च्या एप्रिलमध्ये मंडेला लीड्सला आले, तिथल्या चौकात हजारो लोक जमले होते, आणि राडेबेकडे बघून हा माझा हीरो आहे असं मंडेला म्हणाल्याचं प्रसिद्ध आहे. मंडेला जिथे कैदेत होते त्या रॉबेन आयलंडवर कैदी फुटबॉल खेळायचे आणि मंडेलांना तो बघायलाही मिळू नये म्हणून त्यांच्या कोठडीसमोर भिंत घातली होती, त्या माणसाच्या तोंडून हे. लीड्समधल्या पाच पोरांनी बँड काढला तेव्हा त्याला नाव दिलं कायझर चीफ्स, राडेबेच्या जुन्या क्लबचं. सोवेटोतल्या क्लबचं नाव इंग्लंडमधल्या पोस्टरवर गेलं ते एका डिफेंडरमुळे.

२२ मे २००३ ला इंग्लंडविरुद्ध तो देशाकडून शेवटचा खेळला, २-१ हार. मॅच डर्बनला होती, जिथे ११ वर्षांपूर्वी सुरुवात झाली त्याच गावात. २००४ ला लीड्स कर्जात बुडून खालच्या डिव्हिजनला गेलं, भले भले निघून गेले, हा मात्र दुखापती सांभाळत तिथेच राहिला आणि २००५ ला थांबला. २ मे २००५ ची निरोपाची मॅच, क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, पैसा नाही, स्टार नाहीत, आणि मैदानात लोक आले जवळपास ३८ हजार.

माझी मागणी छोटी आहे. त्या लेखातली ती ओळ दुरुस्त करून छापा, कायझर चीफ्स १९९१ आणि १९९२, नेशन्स कप १९९६. आणि जागा असेल तर ओल्ड ट्रॅफर्डला तो ग्लोव्हज घालून गोलमध्ये उभा आहे तो फोटो टाका. मोठा टाका.

आपला,
अनेक वर्षांचा वाचक